तिसरी लट्झ

मास्तरांना स्वतःच्या डोक्याचं भारी कौतुक. कुणी रूपावर मरतं, कुणी गळ्यावर. मास्तर आपल्या डोक्यावर मरत. राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, सकाळच्या सरावात, हे डोकं असं काही झकास चाललं की मास्तर स्वतःवरच खूश झाले. सत्यानाशाची सुरुवात तिथूनच झाली.

झालं होतं असं, की त्यांच्या लेकीचा डावा घोटा सुजला होता. लेकीला सगळे भिंगरी म्हणत. चार वर्षांची असताना ती बर्फावर जी गरगर फिरायला लागली, ती तेविशी उलटली तरी थांबली नव्हती. बापच तिचा कोच. रिंकवरची शेंबडी पोरं त्यांना मास्तर म्हणत, त्यांचे आईबाप मास्तर म्हणत, आणि चिडली की बायकोही मास्तरच म्हणायची.

सकाळी भिंगरी फ्लिप नावाची उडी मारायला गेली आणि पडली. उठून पुन्हा मारली, पुन्हा पडली. मग घसरत घसरत कठड्याशी आली आणि दोन्ही कोपर टेकून उभी राहिली.

"बाबा, घोट्याच्या आतल्या बाजूला कुणीतरी सुरी खुपसतंय असं वाटतंय."

मास्तरांनी तिला पाय कठड्यावर ठेवायला लावला आणि बुटावरूनच अंगठा दाबला. "इथे?"

"आई गं! हो, इथेच."

"आणि बाहेरच्या बाजूला?"

"तिथे काही नाही."

आता हे जरा समजून घ्यायला हवं. स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, एक आतली, एक बाहेरची. फ्लिप मारायची तर डाव्या पायाच्या आतल्या धारेवरून, आणि लट्झ मारायची तर बाहेरच्या. बाकी या दोन उड्या म्हणजे सख्ख्या बहिणी. आतली बाजू दुखतेय ना? मग फ्लिप हवीच कशाला? मास्तरांनी जागच्या जागी ठरवलं, की प्रोग्रॅमच्या मधली फ्लिप काढून टाकायची आणि तिथे लट्झ घालायची. सुरुवातीला एक लट्झ होतीच, ही दुसरी. तीच तिहेरी, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांची, उडी एका प्रोग्रॅममध्ये दोनदाच मोजतात असा नियम आहे. तिसऱ्यांदा मारली तर शून्य, मग ती कितीही देखणी असो. पण दोन चालतात. दोन म्हणजे नियमात अगदी चपखल.

भिंगरीने जाऊन मध्ये लट्झ मारून पाहिली; न डगमगता उतरली. बसली. मास्तरांनी स्वतःच्या कपाळावर बोटाने टिचकी मारली.

"डोकं लागतं, डोकं," ते म्हणाले.

वर खुर्च्यांमध्ये भिंगरीची आई बसली होती. तिला हा प्रकार कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "ऐन दिवशी बदल कशाला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

"तुला यातलं काय कळतंय?"

"मला उड्यांतलं कळत नाही. तुमच्यातलं कळतं."

तिला खरं तर उड्यांतलं नसलं तरी हाडांतलं चांगलंच कळायचं. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दोन महिन्यांपूर्वी लेकीच्या कमरेचा एक्स-रे तिनेच काढला होता आणि डॉक्टरांना दाखवायच्या आधी स्वतःच उजेडासमोर धरून बघितला होता. खुब्याच्या सांध्यात जी गादी असते ती एका जागी पार झिजून गेली होती. डॉक्टर म्हणाले, हा हंगाम फार तर काढेल, पुढचा नाही. त्या संध्याकाळी घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आईने फक्त मास्तरांकडून एक कबूल करून घेतलं. ही स्पर्धा शेवटची. पहिली आली तर जागतिक स्पर्धेला जाऊन येऊ दे, मग बूट काढायचे. पहिली नाही आली तर त्याच दिवशी काढायचे.

जागतिक स्पर्धेची जागा एकच होती. आणि भिंगरी सलग तीन वर्षं दुसरी आलेली. दुसरं येणं हे पाचवं-सहावं येण्यापेक्षा वाईट असतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने दुसरं येऊन बघावं. हातातोंडाशी आलेला घास दरवर्षी कुणीतरी उचलून न्यायचं. यंदा काढून न्यायला टाचणी टपलेली होती. ही पंधरा वर्षांची पोर, हाडं मोजून घ्यावीत इतकी किडकिडीत, आणि बर्फावर अशी टोचत जाणारी, की तिला टाचणीशिवाय दुसरं नाव शोभलंच नसतं. तिला ना घोटा माहीत ना कंबर. पडली तर चेंडूसारखी उसळून उभी राहायची.

पण पहिल्या दिवसाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये भिंगरी पुढे होती. फार नाही, जराशीच. आज मोठा प्रोग्रॅम. आजचा दिवस निभला की गंगेत घोडं न्हालं.

दुपारी हॉल भरला. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी रिंकवरून फिरून गेली, मागे ओला आरसा ठेवून. भिंगरीचा क्रमांक शेवटचा होता, टाचणीचा तिच्या आधी. भिंगरी कपडे बदलायच्या खोलीबाहेर कानात बोळे घालून भिंतीकडे तोंड करून उभी होती, म्हणजे टाचणीच्या टाळ्या ऐकू येऊ नयेत. मास्तर मात्र पडद्याच्या फटीतून एकेक उडी बघत होते आणि मनात आकडे मांडत होते. या तोंडी हिशोबात त्यांचा हात कुणी धरला नसता. पंच गुण जाहीर करायच्या आधी मास्तर ते सांगायचे आणि फार तर दशांशाने चुकायचे.

टाचणी पडली नाही. कुठेच पडली नाही. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. फलकावर गुण आले ते त्यांच्या हिशोबापेक्षा तसूभर जास्तच होते, आणि टाचणी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. आनंदाने रडणारी पोर मास्तरांना त्या क्षणी इतकी नकोशी वाटली, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

भिंगरीने कानातले बोळे काढले. "किती?"

"तुला काय करायचंय? तू आपलं काम कर."

"म्हणजे चांगली झाली."

"झाली. तुझी त्याहून चांगली होणार."

आई एव्हाना बाहेरच्या मार्गिकेत निघून गेली होती. कॉफीच्या यंत्राशेजारी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि कानांनी बघायचं, ही तिची रीत. आजवर लेकीची एकही स्पर्धा तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती. पडली की हॉलमधून 'अरेरे' येतं, बसली की टाळ्या येतात. आईला तेवढं पुरायचं.

कठड्याचं दार उघडलं. भिंगरी बर्फावर उतरली, एक गोल चक्कर मारून परत आली आणि मास्तरांनी कठड्यावरून तिचे दोन्ही हात हातात घेतले. हात गार पडले होते. हे नेहमीचंच. आणि मग नेहमीचीच प्रश्नोत्तरं झाली. गेली तीन वर्षं ती दोघं हे म्हणत आली होती. गाडीत, जेवताना, दात घासताना सुद्धा. मास्तर त्याला 'विमा' म्हणत. पहिली लट्झ चुकली तर वाया जाऊ द्यायची नाही. शेवटी जी साधी दुहेरी उडी आहे ती सोडायची आणि तिच्या जागी लट्झ पुन्हा मारायची. थकलेल्या अंगाने मारायची म्हणून ती हजारदा घोटून घेतलेली. पायांनाच पाठ झाली होती.

"कठड्याकडे?" मास्तरांनी विचारलं.

"बघायचं नाही."

"पडलीस तर?"

"शेवटी लट्झ."

"शाब्बास. जा."

तोंडाला जे वळण पडलेलं असतं ते डोक्याला विचारून चालत नाही. सकाळी ज्या डोक्याने मध्ये दुसरी लट्झ घातली, त्याच डोक्याखालच्या तोंडाने आता तिसरी मारायला सांगितली, आणि दोघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. पोरगी मध्यभागी जाऊन उभी राहिली. व्हायोलिन सुरू झालं.

सुरुवात सुरेख झाली. लांब मागे घसरत ती कोपऱ्याकडे गेली, खांद्यावरून एकदा मागे पाहिलं, पात्याचं टोक बर्फात रोवलं आणि वर गेली. तीन फेरे पूर्ण झाले. मास्तरांनी मोजले. पण उतरताना उजवा पाय जरा आधीच आला, कंबर वाकली आणि ती धाडकन पडली. हॉलमधून 'अरेरे' आलं. मास्तरांना वाटलं, मार्गिकेत आईने आता यंत्राला धरलं असेल.

भिंगरी उठली. पाठीला बर्फाचा चुरा चिकटलेला. वेळेवर उठली, तालावर आली, आणि पुढची उडी बसली. त्याच्या पुढचीही. मास्तर कठड्याला घट्ट धरून आकडे मांडत होते. पडल्याचे इतके गेले, तिला जोडून मारायची उडी राहिली तिचे इतके गेले. अजून आटोक्यात आहे. अजून जीव आहे. आता मधली. सकाळीच बदललेली. फ्लिपच्या जागी लट्झ.

बसली! अशी बसली की मास्तरांच्या तोंडून शिट्टी निघाली. शेजारी गळ्यात बिल्ला घातलेली एक स्वयंसेवक बाई उभी होती, तिने दचकून पाहिलं. मास्तरांनी भराभर बेरीज केली. उरलेली गिरकी, पावलं, आणि शेवटची साधी दुहेरी. दुहेरी तर ती झोपेतही मारेल. तेवढी नीट मारली की टाचणीच्या पुढे. केसभर पुढे, पण पुढे! केसाने जिंकलं काय आणि कोसाने जिंकलं काय, जागा एकच. मास्तरांना हसू फुटलं. घोटा सुजलेला, कंबर गेलेली, पहिल्याच उडीला आपटलेली, तरी पोरगी जिंकतेय. फक्त शेवटची दुहेरी.

आणि मग त्यांना आपलेच शब्द आठवले. 'पडलीस तर?' 'शेवटी लट्झ.' 'शाब्बास.'

माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते खोटं नाही. मास्तरांनी पुन्हा मोजलं. पहिली पडली, पण तीन फेरे पुरे झाले होते, म्हणजे ती मोजली गेली. मधली दुसरी. शेवटी मारेल ती तिसरी. शून्य. दुहेरीचे गुणही हातचे जाणार आणि लट्झचे मिळणार नाहीत. दुहेरी मारली तर जिंकली, लट्झ मारली तर गेली. आणि ती लट्झच मारणार, कारण तीन वर्षं तिच्या हाडांत तेच भरलंय. कुणी भरलं?

भिंगरी पावलांच्या भागात होती. रिंकच्या पलीकडच्या टोकापासून वळणं घेत घेत येत होती. मास्तरांनी हात वर केले. दोन्ही हात हलवले. ती ज्या बाजूला वळत होती त्या बाजूला ते कठड्यालगत पळायला लागले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, पायात निसरडे बूट, लोकांच्या पिशव्यांना अडखळत पळत होता. भिंगरीची नजर एकदाही कठड्याकडे आली नाही. कशी येणार? लहान होती तेव्हा उडीआधी बापाकडे बघायची, तर मास्तरांनी तिला किती रडवलं होतं. 'माझ्या तोंडावर काय उडी लिहिलीय का?' तेव्हापासून पोरीने स्पर्धेत त्यांच्याकडे बघणं सोडलं होतं.

"अहो काका, मागे व्हा," बिल्लेवाली बाई पाठोपाठ आली होती. तिने त्यांची बाही धरली. "इथे उभं राहता येत नाही."

"तिला सांगायचंय हो. एकच शब्द सांगायचाय."

"आता कसं सांगणार? संपतच आलंय."

संपतच आलं होतं. गिरकी सुरू झाली. ती फिरत होती आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता एक फिकट पट्टा दिसत होता. मास्तरांनी आयुष्यात अनेकदा देवाला नको तेवढं छळलं होतं, पण उडी बसावी म्हणून. आज पहिल्यांदा ते मागत होते, की पोरीच्या पायातलं त्राण जावं. तिला नुसतं उभं राहता यावं आणि लट्झ मारता येऊ नये. तिची कंबर दुखावी. हो, दुखावी! आणखी दुखावी. बाप हे मागत होता.

गिरकी संपली. भिंगरी बाहेर पडली, पण जराशी डगमगत, आणि तिने वेग घेतला. दुहेरी घ्यायची तर पुढे तोंड करून जायचं असतं, लट्झ घ्यायची तर मागे घसरत. क्षणभर ती पुढे तोंड करून आली. दुहेरीच का? मास्तरांना भरवसा वाटेना. ती त्यांच्यासमोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून जात होती. मास्तरांनी बाईच्या हातातून बाही सोडवली, कठड्यावर ओणवे झाले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

"नको!"

व्हायोलिनच्या वर गेला तो आवाज. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "नको, भिंगरी! नको मारू लट्झ!" ओरडता ओरडता घशात काहीतरी फाटलं.

तिने ऐकलं. मास्तरांना दिसलं ते. तिची मान किंचित ताठ झाली. मग ती गर्रकन वळली, मागे घसरायला लागली, कोपऱ्याकडे, लांब, खूप लांब, आणि वर गेली.

त्या उडीबद्दल काय सांगावं? मास्तरांनी स्वतःच्या पोरीच्या आणि दुसऱ्यांच्या मिळून लाखभर उड्या पाहिल्या असतील. तशी पाहिली नव्हती. ती वर गेली आणि वरच राहिली, असं वाटलं. घाई नाही, ओढाताण नाही. तीन फेरे झाले आणि ती बाहेरच्या धारेवर उतरली, हात उघडे, मान वर. आख्खा हॉल उभा राहिला. संगीत थांबलं तरी टाळ्या थांबेनात. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी फुलं फेकत होतं. बिल्लेवाली बाईसुद्धा टाळ्या वाजवत म्हणाली, "अहो, तुमचीच ना मुलगी? काय मारली हो!"

मास्तरांनी मान हलवली. सगळं मुसळ केरात गेलं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

गुण येईपर्यंत स्पर्धक आणि कोच यांनी एका बाकावर बसायचं असतं. मागे रंगीत पडदा, समोर कॅमेरा. स्केटिंगवाले त्याला रडायचा बाक म्हणतात. भिंगरी त्यावर येऊन आदळली आणि बापाच्या गळ्यात पडली. अंग घामाने भिजलेलं, केसांत बर्फाचा चुरा. ती हसत होती. कमरेचा एक्स-रे काढल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"बसली, बाबा! बसली!"

"बसली." आवाज असा निघाला, जसं दार कुरकुरतं.

"घसा कुठे गेला तुमचा?"

मास्तरांनी फलकाकडे पाहिलं. सांगावं का? आता, फलकावर यायच्या आधी? की असू दे अजून घटकाभर? ते गप्प राहिले. त्यात निम्मी माया होती आणि निम्मा भेकडपणा, आणि कुठली निम्मी मोठी हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"एक सांगू?" भिंगरी त्यांच्या कानाशी आली. धापा टाकत बोलत होती. "मी ना, दुहेरीच मारणार होते."

"काय?"

"खरंच. गिरकीतून बाहेर आले तर कंबर पार गेली होती. म्हटलं, विमाबिमा गेला खड्ड्यात, आता लट्झ होत नाही. दुहेरी मारू आणि संपवू. वळलेसुद्धा होते तशी. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, 'नको'."

"ओरडलो खरा," मास्तर म्हणाले.

"वीस वर्षांत तुम्ही मला कधी 'नको' म्हणाला नाहीत, बाबा. ताप असला तरी 'मार', पाय सुजला तरी 'मार'. आणि आज 'नको'? मला वाटलं, यांनी पण आशा सोडली. यांना पण वाटतंय, हिला काही होणार नाही आता. असं डोकं फिरलं ना माझं! म्हटलं, थांबा, दाखवतेच." तिने त्यांच्या दंडावर एक गुद्दा मारला. "दाखवली की नाही?"

"दाखवलीस."

ते ओरडले नसते तर ती दुहेरी मारणार होती. नुसते गप्प उभे राहिले असते, हात बांधून, तोंड बंद ठेवून, तर जिंकली असती. चूक त्यांनी केली, आणि चूक निस्तरायला गेले तीच खरी चूक झाली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

फलकावर आकडे आले. टाळ्या विरत गेल्या. मग सगळीकडून कुजबुज सुरू झाली. भिंगरीच्या नावापुढे दोनचा आकडा होता. टाचणी केसभर पुढे होती. तेवढीच, जेवढी मास्तरांनी मोजली होती, फक्त उलट बाजूला.

भिंगरीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच अडकून राहिलं. "हे चुकलंय," ती म्हणाली. "बाबा, चुकलंय काहीतरी. शेवटची लट्झ धरलीच नाही यांनी. बघा ना, इतके कसे येतील? जा ना, बोला त्यांच्याशी."

मास्तर बसून राहिले.

"उठा ना! एरवी दशांशासाठी टेबल आपटता. पंच तुम्हाला बघून रस्ता बदलतात. आज काय झालं? बाबा, वेळ जाईल, तक्रारीची वेळ जाईल ना!" ती त्यांचा हात ओढायला लागली. कॅमेरा चालू होता. "उठा! माझी शेवटची स्पर्धा आहे, बाबा. पाया पडते तुमच्या, उठा!"

"बरोबर आहे त्यांचं," मास्तर त्या फाटक्या आवाजात म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"तिसरी होती ती."

भिंगरीने ओढायचं थांबवलं. "तिसरी कशी? पहिली पडले ती. मग विमा. मध्ये तर फ्लिप…" आणि ती थांबली. मांडीवर तिचा एक हात होता, त्याची बोटं मिटायला लागली. एक. मग सकाळचं आठवून दुसरं. तिसरं बोट तिने मिटलं नाही. ते तसंच वर राहिलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मला सांगायला हवं होतं," मास्तर म्हणाले. "सकाळी मध्ये लट्झ घातली, तेव्हाच विमा काढून टाकायला हवा होता. विसरलो. उलट दारात तुला तेच विचारलं, आणि शाब्बास म्हणालो. मोजायचं काम माझं होतं, भिंगरे. तुझं काम फक्त उडी मारायचं."

"म्हणून ओरडलात?"

"म्हणून."

"म्हणजे जमणार नाही असं वाटून नाही."

"छे. जमणार हे ठाऊक होतं. म्हणून तर जीव तोडून ओरडलो."

समोर टाचणीला तिच्या कोचने खांद्यावर उचललं होतं. ती पोर हात हलवत होती आणि वळून वळून भिंगरीकडे बघत होती. जिंकलो कसे हे तिलाही नीट कळलेलं नसावं.

"मग तसं ओरडायचं ना, बाबा," भिंगरी शेवटी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी ऐकलं असतं."

मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तो ठेवायचा हक्क आपल्याला आहे का हे न कळून तसाच परत घेतला.

तेवढ्यात पडद्यामागून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. आई होती ती. इतक्या वर्षांत ती कधी आत आली नव्हती, पण आजच्या टाळ्या तिने मार्गिकेत ऐकल्या होत्या. असल्या टाळ्या तिने कधीच ऐकल्या नव्हत्या. फलक तिने पाहिला नव्हता, कुणाला विचारलं नव्हतं. पदकंबिदकं, कॅमेरा, बिल्लेवाली बाई, कशाचंही भान तिला नव्हतं. तिने बाकाशी येऊन लेकीला उराशी घट्ट धरलं आणि तिच्या ओल्या पाठीवरून हात फिरवत रडायला लागली.

"जिंकलीस ना गं माझी बाय! मी म्हणत होते, एवढ्या टाळ्या उगाच नाही. बाहेर भिंत थरथरत होती गं! बरं झालं, सार्थक झालं. आता मी काही म्हणत नाही, जागतिक स्पर्धेला जाऊन ये आणि मग काढ ते बूट."

भिंगरीने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि बापाकडे पाहिलं. "आई, माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी मोजायला चुकले."

"नाही," मास्तर म्हणाले. घशातून आवाज निघेना, म्हणून ते उठले आणि बायकोच्या कानाशी तोंड नेलं. "ती जिंकली होती. मी हरवलं तिला."

आईने लेकीला सोडलं नाही. पण तिच्या पाठीवर फिरणारा हात तेवढा थांबला.